गाडीचे छप्पर आणि सुताराची जागा : मंगळवेढा परिसरातील एका विभागणीचा इतिहास

वाहन ठेवण्याची जागा आणि ते दुरुस्त करण्याची जागा एकाच छपराखाली असावी, ही कल्पना मंगळवेढ्याच्या शेतकरी घरांत अलीकडेच रुजली असून, त्यापूर्वी दीर्घकाळ शेतकऱ्याची बैलगाडी त्याच्या अंगणात किंवा गोठ्याला लागून असलेल्या छपरात उभी राहत असे आणि तिचे चाक खिळखिळे झाले की ती गावच्या सुताराकडे न्यावी लागत असे. गाडी घराची होती, पण ती घडवणारा हात साऱ्या गावाचा होता. या विभागणीमागे भीमा आणि माण या नद्यांच्या खोऱ्यातील लाकडाची टंचाई आणि बलुतेदारी अशी दोन कारणे होती. त्यांचा एकत्र विचार केला तरच या भागातील गाडीच्या छपराची साधी, जवळजवळ ओबडधोबड वाटणारी रचना नीट समजते.

मंगळवेढ्याची जमीन काळी, खोल आणि ओल धरून ठेवणारी आहे. येथील मालदांडी ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तालुक्याची ज्वारीचे कोठार ही जुनी ओळख कायद्याच्या कागदावरही आली. मात्र जी जमीन रब्बीच्या ज्वारीला मानवते, तिच्यावर दाट रान वाढत नाही. साग बाहेरून आणावा लागे आणि तो सधन वाड्यांच्या खांब-तुळयांपुरता मर्यादित राही. गावाच्या रोजच्या कामाला येणारे लाकूड म्हणजे ओढ्याकाठची आणि बांधावरची बाभूळ, त्याखालोखाल लिंब. बाभळीचे लाकूड जड, चिवट आणि आघात सोसणारे असल्यामुळे ते आधी नांगराला, कुळवाला आणि गाडीच्या चाकाला जाई, त्यानंतर घराला, आणि उरलेल्या वाकड्यातिकड्या फाट्यांतून गाडीचे छप्पर उभे राही. म्हणूनच गाडी घोटीव आणि तिचे छप्पर मात्र मेढींवर टाकलेल्या कडब्याचे, असे चित्र या भागात सर्वत्र दिसत असे. त्यात निष्काळजीपणा पाहणे अन्यायाचे ठरेल, कारण दुर्मीळ वस्तू जेथे सर्वाधिक उपयोगी तेथे वापरण्याचा तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता.

हे छप्पर मुख्यतः उन्हासाठी असे. मंगळवेढा पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो आणि उन्हाळ्यात येथील तापमान चाळीस अंशांच्या वर जाते. अशा उन्हात लाकडी चाक उघड्यावर राहिले तर त्यातील ओल उडून जाते, सांधे सैल पडतात आणि चालत्या गाडीचे आरे वाजू लागतात. चाक पाण्यात भिजवून लाकूड फुगवणे हा त्यावरचा तात्पुरता इलाज होता, तर सावली हा कायमचा. छपराची मापेही गाडीवरूनच ठरत. दोन्ही आखटोकांच्या बाहेर माणसाला वावरता येईल इतकी रुंदी, कडब्याने भरलेला नसला तरी रिकामा साटा, म्हणजे गाडीचा मालवाहू सांगाडा, सहज आत जाईल इतकी उंची, आणि बैल सोडल्यावर जू टेकूवर उचलून ठेवता येईल इतकी लांबी एवढ्यावर आराखडा पूर्ण होई. तो कागदावर कधी उतरला नाही, कारण गाडी समोर उभी करूनच मेढींचे खड्डे खणले जात.

सुताराच्या जागेची मांडणी याहून वेगळी असे. गावगाड्यात, म्हणजे खेड्याच्या परस्परावलंबी व्यवस्थेत, बलुतेदारांच्या तीन ओळी मानल्या जात आणि सुतार पहिल्या ओळीत, लोहार, चांभार आणि महार यांच्यासह मोडत असे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 च्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे सविस्तर वर्णन आहे. सुताराने वर्षभर शेतकऱ्याची औते दुरुस्त करावीत आणि खळ्यावर मळणीच्या वेळी त्याला ठरलेला धान्याचा वाटा, अर्थात बलुते, मिळावे, असा तो करार होता. नवी गाडी किंवा घराचे काम या करारात येत नसे. त्याची मजुरी वेगळी ठरे आणि लाकूड मालकाने पुरवायचे असे. अशा व्यवस्थेत प्रत्येक घराने स्वतःची वाकस, पटाशी, रंधा, करवत आणि सामता, म्हणजे दोरीने फिरवायचे भोक पाडण्याचे हत्यार, बाळगण्याला अर्थच नव्हता. सुताराचे काम एखाद्या मोठ्या झाडाखाली किंवा त्याच्या घरापुढच्या मांडवात चाले, आणि शक्यतो लोहाराचा भाता जवळच असे.

ही जवळीक सोयीपुरती नव्हती. चाक बनवण्याची पद्धतच तिची मागणी करी. चाकाच्या मध्यभागी तुंबा, त्यात रुतवलेले आरे, आणि आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले पाटे, म्हणजे परिघाचे वक्र तुकडे, ही सुताराची कामगिरी. आऱ्याच्या दोन्ही टोकांना कुसू काढलेला असे, म्हणजे भोकात घट्ट बसेल असे निमुळते टोक, आणि तो बसवताना खिळा वापरला जात नसे. यानंतर लोखंडी पट्टीची धाव येई. लोहार ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करून गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवी, प्रसरण पावलेली धाव सुतार आणि लोहार मिळून चाकावर चढवीत आणि तत्काळ पाणी ओतीत. धाव आकसताना सारे पाटे आणि आरे तुंब्याकडे दाबले जात आणि चाक एकजीव होई. माप थोडे चुकले तर धाव सैल राही किंवा आरे वाकत. दोन कारागिरांचा अंदाज एका क्षणी जुळावा लागणारे हे काम भारतीय हस्तकौशल्याच्या इतिहासात मंदिरशिल्पाइतक्याच आदराने नोंदवले जायला हवे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

मंगळवेढ्यात या कामाच्या प्रतिष्ठेला जुना वैचारिक आधारही आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक असलेल्या कलचुरींचे हे ठाणे होते, आणि पुढे चालुक्यांची सत्ता हाती घेणाऱ्या बिज्जलाच्या सेवेत बसवेश्वर येथेच होते, असे परंपरा सांगते. बसवेश्वरांच्या शरण चळवळीने कायक, म्हणजे निष्ठेने केलेले उपजीविकेचे काम, हीच उपासना मानली, आणि तिच्या वचनकारांत बाची कायकद बसवय्या हे सुतारही होते. बाची म्हणजे वाकस. हत्यार ज्याच्या नावाचा भाग झाले, असा वचनकार त्या काळी होऊन गेला, ही गोष्ट बलुतेदारीच्या इतिहासात सहसा उल्लेखली जात नाही. याच चालुक्य दरबारात तिसऱ्या सोमेश्वराने सुमारे 1130 मध्ये सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात वाहनांच्या उपभोगाला स्वतंत्र प्रकरण आहे, पण तो विचार राजाच्या वाहनांचा आहे.

वाहन आणि कारखाना एकत्र आणणे प्रत्यक्षात राजसत्तेलाच परवडत असे. शिवकालीन राज्यव्यवस्थेत बारा महाल आणि अठरा कारखाने ही खाती होती, आणि महालांत वहिली, म्हणजे रथ-गाड्यांचे खाते, तसेच इमारत खाते मोजले जाई. अशा खात्याला पगारी सुतार ठेवता येत, लाकडाचा साठा करता येई. मंगळवेढ्याच्या परिसराने याचे सर्वांत मोठे रूप पाहिले ते 1695 ते 1699 या काळात, जेव्हा भीमेकाठच्या ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी होती. तोफांचे गाडे, रसदीच्या गाड्या आणि पालख्या यांचा हा पसारा सुतार-लोहारांच्या अखंड कामाशिवाय एक दिवसही टिकला नसता. जवळच्या माचणूरचा किल्ला आजही त्या मुक्कामाची आठवण देतो. लाकडाचे मात्र तेथे काही उरलेले नाही, आणि या इतिहासाची मूळ अडचण तीच आहे, कारण दगड टिकतो, बाभूळ चुलीत जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत दख्खनमधील दूरची मालवाहतूक मुख्यतः वंजाऱ्यांच्या बैलतांड्यांवर चाले, आणि गावातल्या गाड्या भरीव, जड चाकांच्या असत. पुढे इंदापूर भागात गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी जमीन मोजणीचे काम चालवले होते, त्याच सुमारास मोजणी खात्यातील लेफ्टनंट गेसफर्ड यांच्या पुढाकाराने भीमेपलीकडील टेंभुर्णी येथे सुधारित, हलक्या गाड्या बनवण्याचा कारखाना निघाला. पुढे बार्शी लाइट रेल्वे 1906 मध्ये पंढरपूरला पोहोचली. मंगळवेढा तेव्हा सांगली संस्थानात होता आणि रेल्वे त्याच्या वेशीपर्यंत आली नाही. त्यामुळे ज्वारीची पोती पंढरपूरच्या फलाटापर्यंत नेण्यासाठी गाडीची, आणि पर्यायाने सुताराची, गरज उलट वाढली. रेल्वेने बैलगाडी संपवली हा सार्वत्रिक समज निदान या तालुक्यापुरता तपासून घेतला पाहिजे.

खरा बदल स्वातंत्र्यानंतर झाला. संस्थान 1948 मध्ये विलीन झाले, 1953 च्या मुंबई राज्याच्या कायद्याने समाजोपयोगी सेवेची इनामे रद्द केली, आणि बलुत्याची जागा रोख मजुरीने घेतली. त्यातच रबरी टायरची गाडी आली. तिच्या चाकात ना तुंबा, ना आरे, ना धाव. पंक्चर काढणारा आणि वेल्डिंग करणारा हे तिचे कारागीर. उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाल्यावर पाणी मिळालेल्या भागात ऊस वाढला, संत दामाजी साखर कारखान्याकडे जाणारे रस्ते ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरले, आणि मेढी-कडब्याच्या छपराऐवजी लोखंडी अँगल आणि पत्र्याची शेड उभी राहू लागली.

या शेडमध्ये ट्रॅक्टरच्या शेजारी आता पान्यांची पेटी, ग्रीसचा डबा, एखादा व्हाइस आणि क्वचित वेल्डिंगचे यंत्र दिसते. पूर्वी जी हत्यारे गावात एका ठिकाणी असत, ती प्रत्येक मोठ्या शेतकऱ्याच्या घरी स्वतंत्रपणे जमली आहेत. शेडच्या मापांचा नियम अजून जुनाच आहे, कारण यंत्र आणून उभे करून, त्याच्याभोवती फिरून आणि ट्रॉली मागे लावूनच खांबांच्या जागा ठरवल्या जातात. जुन्या छपरांची लाकडे उतरली तेव्हा त्यांतली चांगली बाभूळ काही ठिकाणी कामाच्या ओट्याला, खिडकीच्या चौकटीला किंवा हत्यारांच्या दांड्यांना लागली. अशा तुकड्यांवरील वाकसाच्या खुणा, कुसवांची मापे आणि जुन्या चाकांचे आरे यांची तालुकावार नोंद झाल्यास, या भागातील सुतारकामाचा इतिहास पहिल्यांदाच कारागिरांच्या हातच्या पुराव्यावर लिहिता येईल; त्यासाठी अजूनही काही घरांच्या परसात पडलेली चाके पावसात कुजण्याआधी मोजली जाणे आवश्यक आहे.