आऱ्या सुटताना

राळेगणसिद्धीची गोष्ट बहुतेक जण पाण्यापाशीच थांबवतात. १९७५ साली अण्णा हजारे गावी परतले, श्रमदान झालं, नाल्यांवर बांध पडले, विहिरींना पाणी आलं. पारनेर तालुका पर्जन्यछायेतला. पाणी आलं तरी ऊस लावायचा नाही, असं गावानं ठरवलं, म्हणून डाळी-तेलबियांना जागा राहिली. आता त्यांना खाऊ काय घालायचं?

मला विचाराल तर चराईबंदीचं मोल इथं कळतं. जनावरं गोठ्यात बांधली, चारा दाव्याला मिळू लागला आणि माळावर सांडणारं शेण उकिरड्यात, गोबर गॅसमध्ये पडू लागलं. त्याची मळी रानात गेली.

तरी भुईमुगाचं तेवढ्यानं भागत नाही. नत्र त्याला बेतानंच लागतं, ते मुळांवरच्या गाठी हवेतून ओढतात. खरी भूक स्फुरद, गंधक आणि कॅल्शियमची. शेंग मातीत पोसते आणि कॅल्शियम टरफलातूनच घेते. हलक्या मुरमाड रानात ते कमी पडलं की वेल हिरवागार, शेंग मात्र फोडावी तर पोचट. जुन्या माणसांच्या सुपर फॉस्फेटातून स्फुरदासोबत गंधक (सुमारे ११ टक्के) आणि कॅल्शियम आपसूक यायचं. पुढं डीएपी आलं. स्फुरद ४६ टक्के, म्हणून पोती कमी वाहावी लागत, पण ही दोन्ही त्यात नाहीत. मग जिप्सम वेगळं आणायची पाळी आली. हेक्टरी ४०० किलो, निम्मं पेरताना आणि निम्मं आऱ्या सुटताना वेलाच्या बुडाशी, मातीची भर देऊन. त्यानंतर रानात कोळपं घालायचं नाही, आऱ्या तुटतात.