वेशीवर पालटणारा पत्ता

समजा आपल्या गावाला दोन वाड्या आहेत आणि दोन्ही वाड्यांत घर नंबर ५ आहे. पोस्टमन काही गोंधळत नाही; पत्रावर वाडीचे नाव असते. पण वाडीचे नावही एकच असले तर? संगणकांच्या जगात नेमके हेच झाले आहे. १९२.१६८.१.१ हा पत्ता आज जगभर असंख्य घरांत आहे, आणि तरीही निरोप ज्याचा त्याला मिळतो. हे कसे जमले त्याची हकिकत मौजेची आहे, अन् थोडी खेदाचीही.

इंटरनेटवरचा पत्ता कसा लिहावा याचा नियम सप्टेंबर १९८१ मध्ये ठरला. शून्य किंवा एक अशा ३२ खुणांचा एक पत्ता. त्यातून ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते होतात. तेव्हा हे जाळे विद्यापीठांचे, संशोधनसंस्थांचे आणि अमेरिकेच्या लष्कराचे. मग काय, पत्ते सढळ हाताने वाटले गेले. काही संस्थांना तर एकरकमी १ कोटी ६७ लाखांचा गठ्ठा! प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पत्ता आणि कोणीही कोणाला थेट हाक मारावी, असा त्या काळचा रिवाज होता.

दहा वर्षांत टंचाईची चाहूल लागली. मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी एक टिपण काढले. त्यांचे म्हणणे असे : आतले पत्ते प्रत्येकाने वाटेल ते ठेवावेत, वेशीवर एक यंत्र बसवावे आणि बाहेर जाणाऱ्या निरोपावरचा पत्ता त्याने पालटावा. हा तोडगा तात्पुरता आहे, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले होते. त्याच वर्षी जॉन मेझ आणि ब्रँटली कॉइल यांच्या छोट्या कंपनीने ‘पिक्स’ नावाचे असे यंत्र बाजारात आणले. कचेरीत एका टेलिफोन नंबरामागे अनेक टेबले असतात ना, त्यावरून ही कल्पना. १९९५ मध्ये सिस्को कंपनीने ती कंपनी विकत घेतली. पुढे फेब्रुवारी १९९६ च्या नियमाने १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ चे आणि १९२.१६८ चे पत्ते खाजगी वापराला कायमचे मोकळे झाले.

आतून बाहेर जाणे सोपे. पण बाहेरच्या माणसाला आत यायचे असले तर? त्याला फक्त वेशीचा पत्ता ठाऊक. तिथे फायरवॉल नावाचा पहारेकरी उभा. त्याच्या वहीत लिहिलेले असते : वेशीच्या ८० नंबरच्या खिडकीवर आलेला निरोप आत १०.०.२.५ कडे द्यावा. तो निरोपावरचा ‘प्रति’ खोडतो, नवा घालतो, बेरजेचा ताळा पुन्हा मांडतो आणि वहीत नोंद करतो. उत्तर परत आले की ‘प्रेषक’ म्हणून पुन्हा वेशीचेच नाव. बाहेरच्याला पत्ताही लागत नाही!

आता गंमत पाहा. त्याच वाडीतला १०.०.२.२० हा संगणक वेशीचा पत्ता घालून निरोप धाडतो. पहारेकरी ‘प्रति’ पालटून तो १०.०.२.५ ला देतो. तो पाहतो, अरे, हा तर शेजारी! म्हणून उत्तर परस्पर पोचवतो. शेजारी म्हणतो, मी वेशीला विचारले होते, हा कोण मध्येच बोलतो? आणि उत्तर टाकून देतो. दोघेही आपापल्या परी बरोबर, काम मात्र अडले. यावर उपाय दोन. सेवा देणारा संगणक निराळ्या वाडीत, म्हणजे निराळ्या सबनेटमध्ये ठेवावा, म्हणजे उत्तराला वेशीवरूनच जावे लागते. नाहीतर पहारेकऱ्याने ‘प्रेषक’ही पालटावा. पहिला उपाय मला अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण दुसऱ्यात खरे कोण आले होते याची खूणच पुसली जाते.

दोन कचेऱ्या एकत्र आल्या आणि दोघींचेही पत्ते तेच निघाले, तर दोन्ही नावे पालटावीच लागतात. या दुहेरी पालटीला ऑगस्ट १९९९ मध्ये रीतसर नाव मिळाले.

या सोयीची किंमत पडली नाही असे समजू नका. जुना रिवाज मोडला. आतला माणूस बाहेर हाक मारू शकतो. त्याला मात्र बाहेरून कोणी हाक मारू शकत नाही. रेडिओसारखेच झाले म्हणा : ऐकता येते, बोलता येत नाही. वही आपल्या हाती असेल तर एक ओळ लिहून दार उघडता येते. पण ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले, आणि एप्रिल २०१२ मध्ये सेवा देणाऱ्या कंपन्यांसाठी १००.६४ ते १००.१२७ हे पत्ते राखून ठेवले गेले. म्हणजे आपल्या वेशीबाहेर कंपनीची आणखी एक वेस! १२८ खुणांच्या नव्या पत्त्यांचा नियम डिसेंबर १९९५ मध्येच निघाला होता. ते पत्ते पुष्कळ ठिकाणी सुरूही आहेत, पण जुने काही सुटलेले नाहीत.

गुरुजी, शाळेतल्या संगणकावरचे ग्रंथालय गावाला घरबसल्या उघडून द्यायचे मनात असेल, तर आधी राउटरवर त्याचा बाहेरचा पत्ता पाहा. १०० नंतर ६४ ते १२७ पैकी आकडा दिसला, तर आत कितीही नियम लिहा, बाहेरचा पाहुणा आपल्या वेशीपर्यंत येणारच नाही. मग कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागावा, किंवा नव्या पद्धतीचा पत्ता मिळतो का ते विचारावे.