मेदाच्या फुग्यातले औषध

काळा आजार म्हटले की महाराष्ट्रात फारसे कुणी दचकत नाही. बिहार-बंगालमध्ये मात्र या नावाने गावेच्या गावे धास्तावत. महिनोन् महिने ताप, फुगलेली प्लीहा, खंगत जाणारे शरीर आणि उपचार न मिळाल्यास बहुधा मृत्यू. वालुमाशीच्या चाव्यातून शरीरात शिरणारा त्याचा परजीवी १९०३ साली लेशमन आणि मद्रासचे डोनोव्हन यांनी स्वतंत्रपणे ओळखला. रोगजंतूंना गिळून टाकणाऱ्या आपल्या भक्षकपेशींतच तो बिऱ्हाड करतो. शिपायाच्या घरात चोराने राहावे, तसे!

उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी १९२२ मध्ये कलकत्त्यात युरिया स्टिबामाइन हे अँटिमनीचे औषध दिले आणि असंख्य प्राण वाचले. पुढे अँटिमनीचीच दुसरी औषधे आली. पण १९९०च्या दशकात उत्तर बिहारमधील निम्म्याहून अधिक रुग्ण त्यांना दाद देईनासे झाले.

दुसरे औषध होते ॲम्फोटेरिसिन-बी. व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या जिवाणूपासून १९५०च्या दशकात मिळालेले. बुरशीच्या आणि या परजीवीच्याही पेशीपटलातील अर्गोस्टेरॉलसारख्या रेणूंना ते चिकटते आणि पटलाला भोके पाडते. आपल्या पेशींतील कोलेस्टेरॉल याच रेणूंचे भावंड. त्यामुळे थोडा मार आपल्यालाही बसतो, विशेषतः मूत्रपिंडांना. शिवाय दिवसाआड पंधरा सलाइने, म्हणजे महिनाभर रुग्णालय. रोजंदारीवर जगणाऱ्याने ते कसे करावे?

वाट सापडली ती निराळ्याच दिशेने. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला केंब्रिजजवळच्या बाब्रहॅम येथे ॲलेक बँगहॅम यांनी पाण्यात मिसळलेले लेसिथिन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मेदाचे रेणू आपोआप बंद फुग्यांत गुंफले गेले होते. हेच लायपोसोम. त्यांत औषध भरावे ही कल्पना लवकरच पुढे आली. पण रक्तात सोडलेले फुगे यकृत आणि प्लीहेतील भक्षकपेशी गिळून टाकत. कर्करोगाच्या गाठीपर्यंत औषध नेऊ पाहणाऱ्यांना ही मोठीच अडचण वाटली. काळ्या आजारासाठी मात्र हाच अचूक पत्ता होता! १९७७-७८ मध्ये ब्रिटन व अमेरिकेतील गटांनी प्राण्यांवर दाखवून दिले, की लायपोसोममध्ये भरलेले अँटिमनी शेकडो पटींनी परिणामकारक ठरते. आम्हा संशोधकांना अशी उदाहरणे फार आवडतात. दोष तोच, प्रश्न बदलला.

त्यानंतर १०० नॅनोमीटरहूनही लहान लायपोसोममध्ये ॲम्फोटेरिसिन बसवले गेले. भारतातही दिल्ली विद्यापीठात बी. के. बच्छावत आणि मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी असे देशी औषध तयार करून तपासले. त्या कामाचा उल्लेख आपल्याकडे फारच क्वचित होतो, याची खंत वाटते.

मुझफ्फरपूर येथील चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. किलोमागे १० मिलिग्रॅमची एकच मात्रा घेतलेल्यांपैकी ९५.७ टक्के रुग्ण सहा महिन्यांनंतरही बरे होते. जुन्या पंधरा मात्रांनी ९६.३ टक्के. महिन्याऐवजी एक दिवस! अडचण किमतीची होती. ५० मिलिग्रॅमची कुपी जागतिक आरोग्य संघटनेने घासाघीस करून १८ डॉलरला मिळवली, तरी ३५ किलोच्या रुग्णाला सात कुप्या लागतात. गुणाकार विद्यार्थ्यांनीच करावा. २०११ मध्ये उत्पादक कंपनीशी देणगीचा करार झाला, तेव्हा हे औषध खेड्यांपर्यंत पोचण्याची सोय झाली. २०२३ मध्ये बांगलादेशात सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून या रोगाचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले.

महाराष्ट्राला या औषधाची ओळख झाली ती २०२१ मध्ये, कोविडमागून आलेल्या म्युकरमायकोसिसच्या साथीत. तेव्हा याच कुप्यांसाठी नातेवाईक शहराशहरांतून वणवण फिरत होते.