युद्धकालीन स्थानबद्धता आणि राष्ट्रपतींच्या आदेशातील एक अट

युद्धकाळी राज्यघटनेचा कस लागतो, हे विधान सर्वमान्य आहे. तथापि तो नेमका कोणत्या ठिकाणी लागतो, हे तत्त्वांच्या चर्चेपेक्षा तपशिलाच्या अभ्यासातूनच अधिक स्पष्ट होते. भारताच्या इतिहासात असा एक तपशील राष्ट्रपतींच्या १९६२ च्या आदेशातील एका अटीच्या रूपाने आढळतो.

चिनी आक्रमणानंतर २६ ऑक्टोबर १९६२ रोजी घटनेच्या ३५२ व्या कलमान्वये आणीबाणी घोषित झाली आणि त्याच दिवशी भारत संरक्षण अध्यादेश निघाला; डिसेंबरमध्ये त्याची जागा अधिनियमाने घेतली. त्याखालील तिसाव्या नियमाने सरकारला चौकशीवाचून स्थानबद्ध करण्याचा अधिकार मिळाला. ३ नोव्हेंबरला राष्ट्रपतींनी ३५९ व्या कलमाखाली आदेश काढून २१ व २२ या कलमांतील हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा अधिकार स्थगित केला. पुढे त्यांत १४ व्या कलमाची भर पडली. मात्र ही स्थगिती सरसकट नव्हती. सदर अध्यादेशाखाली किंवा त्याखालील नियमांन्वये ज्याचे हक्क हिरावले गेले असतील, त्याच्यापुरतीच ती लागू होती.

मखनसिंग खटल्यात (१९६३) सर्वोच्च न्यायालयाने या आदेशाचा अर्थ लावला. बहुमताचा निर्णय न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी लिहिला. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी भिन्नमत नोंदविले. निर्दिष्ट मूलभूत हक्कांच्या आधारे स्थानबद्धाला सर्वोच्च न्यायालयात वा उच्च न्यायालयात दाद मागता येणार नाही, असे बहुमताने ठरविले. परंतु हुकूम अधिनियमाला सोडून आहे किंवा दुष्ट हेतूने काढला आहे, असे म्हणण्याची वाट मोकळी राहिली. आणीबाणी किती काळ चालवावी, हा प्रश्न मात्र न्यायालयाने कार्यकारी सत्तेकडेच सोपविला.

या मोकळ्या वाटेचे मोल मुंबईतील एका प्रकरणाने दाखवून दिले. प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे तिसाव्या नियमाखाली मुंबईच्या जिल्हा तुरुंगात स्थानबद्ध होते. तेथे त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हा मराठी विज्ञानग्रंथ लिहिला आणि प्रकाशनासाठी हस्तलिखित पत्नीकडे पाठविण्याची परवानगी मागितली. राज्य सरकारने ती नाकारली. ग्रंथ निव्वळ शास्त्रीय असून देशाच्या संरक्षणास त्यापासून बाध येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने ठरविले, तेव्हा सरकार अपिलात गेले. स्थानबद्धाला नियमांनी जेवढे दिले तेवढ्याच सवलती त्याच्या वाट्याला येतात, असा सरकारचा युक्तिवाद होता. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी तो अमान्य केला. स्थानबद्धतेच्या अटींत ग्रंथलेखनाला वा हस्तलिखित बाहेर धाडण्याला मनाई नव्हती. म्हणजे हा नकार नियमाखालचा नव्हता. आदेशातील अट पुरी होत नसल्यामुळे न्यायालयाचे दार बंद झाले नव्हते.

हा निर्णय ६ सप्टेंबर १९६५ चा आहे. त्याच दिवशी भारतीय सैन्याने लाहोरच्या रोखाने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली होती. दुसऱ्या दिवशी राममनोहर लोहिया यांच्या सुटकेचा निर्णय झाला. पाटण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने नियमातील ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ या शब्दांऐवजी ‘कायदा व सुव्यवस्था’ असे शब्द हुकुमात योजले होते. हा फरक बहुमताला निर्णायक वाटला. प्रत्यक्ष युद्ध पेटले असताना सरकारला त्याच्याच नियमांच्या शब्दाने बांधून ठेवणे न्यायासनाला अशक्य वाटले नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे.

तथापि या निर्णयांचा गौरव बेताने करावा लागतो. चीनने नोव्हेंबर १९६२ मध्येच एकतर्फी युद्धविराम जाहीर केला होता. आणीबाणी मात्र जानेवारी १९६८ पर्यंत चालली. शिवाय ज्या अटीवर न्यायालयाने आपला तर्क उभारला, ती घटनेने घातलेली नव्हती. आदेश काढणाऱ्या सत्तेनेच ती शब्दबद्ध केली होती. जी अट आदेशकर्ता घालतो, ती त्याला गाळताही येते.

नेमके हेच पुढे घडले. अंतर्गत अशांततेच्या कारणावरून २५ जून १९७५ रोजी घोषित झालेल्या आणीबाणीत, २७ जूनच्या आदेशातून ही अट वगळण्यात आली. जबलपूर खटल्यात २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने ठरले की, स्थानबद्धतेचा हुकूम कायद्याला सोडून किंवा दुष्ट हेतूने काढलेला असला, तरी त्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागता येत नाही. हुकूम कायद्याच्या अधीन असलाच पाहिजे, असे मानणारे न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे पडले. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने २० व २१ ही कलमे राष्ट्रपतींच्या अशा आदेशाच्या कक्षेबाहेर ठेवली आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने जबलपूरचा निर्णय रद्दबातल ठरविला.

१९६५ आणि १९७६ च्या निर्णयांतील अंतर केवळ न्यायाधीशांच्या धैर्याने मोजणे म्हणूनच अपुरे ठरते. १९६५ मध्ये स्वातंत्र्याला आधार मिळाला तो कार्यकारी सत्तेने स्वतः लिहिलेल्या एका वाक्यांशाचा. तो आधार तिच्या मर्जीतून काढून घटनेच्या संहितेत आणावयास १९७८ साल उजाडावे लागले.