बृहदांत्रशोथजन्य कर्करोग

मोठ्या आतड्याच्या श्लेष्मकलेच्या (बुळबुळीत अस्तराच्या) दीर्घकालीन शोथातून (दाहयुक्त सुजेतून) उद्भवणारा कर्करोग. व्रणीय बृहदांत्रशोथ आणि क्रोन रोग या दोन विकारांत तो आढळतो. व्रणीय बृहदांत्रशोथाचे वर्णन लंडनचे वैद्य सॅम्युएल विल्क्स यांनी १८५९ मध्ये केले. कर्करोगाशी असलेला त्याचा संबंध मात्र न्यूयॉर्कच्या बी. बी. क्रोन व एच. रोझेनबर्ग यांच्या १९२५ मधील लेखामुळे पुढे आला.

संबंध कळला, तरी कोणत्या रुग्णास धोका आहे हे ओळखता येत नव्हते. त्यामुळे सर्व बृहदांत्र व्यापणारा रोग दहाएक वर्षे टिकला की, ते आतडे प्रतिबंधक उपाय म्हणून काढून टाकावे, असे अनेक शल्यचिकित्सकांचे मत होते. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील बी. सी. मॉर्सन व एल. एस. सी. पँग यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले की, कर्करोग झालेल्या अशा रुग्णांच्या गुदाशयात, गाठीपासून दूरच्या अस्तरातही, कोशिकांच्या (पेशींच्या) रचनेत कर्कपूर्व बदल आढळतात. आतड्याचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून धोका आधी ओळखण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. नियमित आंत्रदर्शन तपासणीची पद्धत या शोधावरच उभी आहे.

धोक्याचे प्रमाण प्रथम बरेच मोठे मानले गेले. ११६ पाहण्यांच्या एकत्रित विश्लेषणात (२००१) ते रोगाच्या १० वर्षांनंतर २ टक्के, २० वर्षांनंतर ८ टक्के व ३० वर्षांनंतर १८ टक्के आढळले. पुढील पाहण्यांत ते याहूनही कमी भरले.

एका गटाला मात्र हा दिलासा लागू पडत नाही. प्राथमिक काठिण्यकारी पित्तवाहिनीशोथ या विकारात यकृतातील व यकृताबाहेरील पित्तवाहिन्या तंतुमय होऊन आक्रसतात. उत्तर यूरोपातील अशा रुग्णांपैकी सुमारे ७० टक्के रुग्णांना बृहदांत्रशोथही असतो. पित्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्रण आंत्रदर्शकाच्या साहाय्याने १९७० नंतर सुलभ झाले, तोवर हा विकार दुर्मिळ समजला जाई. स्वीडनमधील हडिंग येथील अभ्यासात (१९९५) दोन्ही विकार असलेल्यांत कर्करोग वा कर्कपूर्व बदल २० वर्षांत ३१ टक्के आढळले. केवळ बृहदांत्रशोथ असलेल्यांत ते ५ टक्के होते. अभ्यास लहान होता, परंतु २००२ मधील एकत्रित विश्लेषणातही धोका सुमारे पाचपट आढळला.

या रुग्णांच्या आतड्याची लक्षणे बहुधा सौम्य असतात. गुदाशय पुष्कळदा निरोगी दिसतो आणि कर्करोग उजव्या बाजूस, म्हणजे गुदाशयापासून दूर, होण्याकडे कल असतो. त्रास नसल्याने रुग्ण निर्धास्त राहतो, हीच यातील खरी अडचण होय. इतरांत तपासणी साधारणतः लक्षणांनंतर ८ वर्षांनी सुरू करतात. येथे पित्तवाहिनीविकाराचे निदान होताच ती सुरू करून दरवर्षी करावी लागते.

उर्सोडीऑक्सिकोलिक अम्ल या औषधाने हा धोका घटतो, असे २००१ व २००३ मधील अभ्यासांवरून वाटले होते. मोठ्या मात्रेत ते दिलेल्या रुग्णांत मात्र आतड्यातील कर्करोग व कर्कपूर्व बदल उलट अधिक आढळले (२०११). यकृताचे प्रतिरोपण यशस्वी झाले, तरी आतड्याचा धोका टळत नाही व वार्षिक तपासणी पुढेही चालू ठेवतात.