मुले का येत नाहीत? शिक्षकाच्या थकव्याचा एक इतिहास

शिक्षक थकतो म्हणजे नेमके काय होते? दिवसभर फळ्यापुढे उभे राहून पाय दुखतात, आवाज बसतो. हा थकवा रात्रीच्या झोपेने जातो. दुसरा एक थकवा असा असतो की तो दिवाळीच्या सुट्टीनंतरही तसाच राहतो. घंटा होते, हजेरीपट हातात असतो, पण वर्गाकडे पाऊल उचलत नाही. मुलांची नावे घेताना चेहरे दिसेनासे होतात. आपल्याकडे अशा गुरुजींविषयी ‘आता त्यांच्यात राम राहिला नाही’ एवढेच म्हणून विषय संपवला जातो.

या दुसऱ्या थकव्याला शास्त्रीय चर्चेत नाव मिळाले ते 1974 साली. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी तेथील स्वयंसेवकांच्या अवस्थेसाठी ‘बर्नआउट’ हा शब्द वापरला. पुढे कॅलिफोर्नियातील क्रिस्टिना मास्लाक यांनी या अवस्थेची तीन अंगे वेगळी केली आणि 1981 मध्ये सुझन जॅक्सन यांच्यासह ती मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. पहिले अंग म्हणजे मनाची शक्ती संपणे. दुसरे, ज्यांच्यासाठी काम करायचे त्या माणसांकडे कोरडेपणाने पाहू लागणे. तिसरे, आपल्या हातून काहीच घडत नाही असे वाटू लागणे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आपल्या वर्गीकरणात ही अवस्था नोंदवताना तिला आजार म्हटले नाही, कामाशी निगडित घटना म्हटले. हा भेद महत्त्वाचा आहे. दोष एकट्या माणसात शोधून भागत नाही, त्याच्या कामाची रचनाही तपासावी लागते.

मला त्यातले तिसरे अंग अधिक विचार करण्याजोगे वाटते. प्रयोगशाळेतही बहुतेक प्रयोग फसतात. तरी संशोधक टिकतो, कारण फसलेला प्रयोग ही त्याच्या दृष्टीने एक नोंद असते आणि तिचे कारण शोधणे हा त्याच्या कामाचाच भाग असतो. शिक्षकाला ही मुभा सहसा मिळत नाही. फसलेला तास त्याच्या नावावर जमा होतो, आणि तेथेच त्याचा हिशेब संपतो.

जालना जिल्ह्यातील तीर्थपुरीचे उदाहरण घेऊ. घनसावंगी तालुक्यातील हे मोठे गाव, आता नगरपंचायतीचे. या टापूतली अनेक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. ती परततात मार्च-एप्रिलमध्ये. मुलेही बरोबर जातात, कारण मागे सांभाळणारे कोणी नसते, आणि थोरली मुलगी कोपीपाशी धाकट्याला सांभाळते. जूनमध्ये शिक्षकाने जो वर्ग जमवून आणलेला असतो तो दिवाळीनंतर विरळ होतो. जी मुले उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात ती वाचन विसरलेली असतात. असे पाच-सहा वर्षे झाले की कोणताही चांगला शिक्षक स्वतःला विचारू लागतो, मी शिकवतो ते कोणासाठी? याला उत्तर म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली, कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. पण शिक्षकाच्या मनातल्या प्रश्नाचे काय?

हाच प्रश्न ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर (आताच्या पालघर जिल्ह्यात) दोन शिक्षिकांपुढे 1945 साली उभा राहिला होता. ताराबाई मोडक तेव्हा 53 वर्षांच्या होत्या. त्या राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्य होत्या, भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनी बालशिक्षणाचे काम केले होते, दादरला शिशुविहार चालवले होते. नाव झाले होते, संस्था उभी होती. शहरातील सुस्थितीतल्या मुलांपुरते हे काम राहू नये म्हणून त्या बोर्डी या गावी आल्या. त्यांच्याबरोबर आल्या अनुताई वाघ. वय 35, बालविधवा, पुण्याच्या हुजूरपागेत शिकवण्याचा अनुभव गाठीशी. मधल्या वयात, स्थिरावलेले काम सोडून दोघींनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले.

पहिला अनुभव पराभवाचाच होता. बालवाडी उघडली, पण दलित आणि आदिवासी वस्तीतली मुले तेथे टिकेनात. घरोघर जाऊन बोलावून आणावे, अंघोळ घालावी, गोष्ट सांगावी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जागा रिकामी. येथे दोन निष्कर्ष सोपे होते. एक, या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही. दुसरा, आपण नालायक आहोत. मास्लाक यांच्या भाषेत पहिला निष्कर्ष कोरडेपणाकडे नेतो आणि दुसरा निष्फळतेच्या जाणिवेकडे. या दोघींनी दोन्ही टाळले. मूल दिवसभर काय करते हे त्यांनी पाहिले, आणि मूल येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे असे ठरवले. वस्तीतल्या अंगणात भरणारी बालवाडी ती अंगणवाडी. केंद्र सरकारने 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा हेच नाव देशभर गेले. तोपर्यंत ताराबाई हयात नव्हत्या. 1973 मध्ये त्यांचे निधन झाले होते.

साधनांचीही अशीच गोष्ट. मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोममध्ये बालगृह सुरू केले आणि पुढे त्यांच्या पद्धतीची खास साधने जगभर गेली. ती महाग होती. बोर्डीत शिंपले, खडे, बिया, पाने यांनी वर्गीकरण आणि मोजणी होऊ लागली. साधनातले तत्त्व कोणते आणि लाकूड-रंग कोणते, हे ज्याला वेगळे करता येते त्यालाच असा बदल जमतो. तो काटकसरीपेक्षा आकलनाचा प्रश्न आहे.

1956-57 च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. तेथे अडचण आणखी बिकट होती. मोठी मुले गुरे राखत. मुली धाकटी भावंडे सांभाळत. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. मुलीने कडेवरचे मूल पाळण्यात ठेवावे आणि वर्गात बसावे. या रचनेला विकासवाडी म्हणत. जी मुले तरीही गुरांमागे जात त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात जाऊ लागले. गुरे चरत, आणि झाडाखाली शाळा भरे. तिचे नाव कुरणशाळा.

यातली प्रत्येक सुधारणा एका ‘येत नाहीत’मधून निघाली आहे. अंगणवाडी, विकासवाडी, कुरणशाळा ही एकाच निरीक्षणाची तीन वेगळी उत्तरे आहेत. काम तेच, माणसे तीच, पण प्रश्न बदलत राहिल्यामुळे कामाला शिळेपणा आला नाही. ताराबाई ‘शिक्षणपत्रिका’ हे मासिक चालवीत, पुढे अनुताईंनीही त्याचे संपादन केले. पाहिलेले लिहून काढण्याची सवय त्या दोघींच्या कामात किती उपयोगी पडली असेल, याची कल्पना करता येते. अनुताईंनी स्वतःचे शिकणेही थांबवले नाही. पदवी त्यांनी वयाच्या पन्नाशीत घेतली. 1992 मध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे 47 वर्षे, त्या याच कामात होत्या.

यावर कोणी म्हणेल, त्या असामान्य होत्या. होत्याच. परंतु शिक्षकांच्या सभेत त्यांच्या त्यागाचे गोडवे गाण्यात एक सोय असते. त्याग म्हटले की रचनेबद्दल बोलावे लागत नाही. कोसबाडच्या शिक्षकांना वेळापत्रक मोडण्याचे, वर्गाची जागा बदलण्याचे स्वातंत्र्य होते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला ते कितपत आहे? 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामे शिक्षकाला देता येत नाहीत. कायदा काय म्हणतो आणि टेबलावर किती तक्ते भरायचे पडले आहेत, याचा ताळा वाचकांनी स्वतःच घालावा.

दुसरी उणीव एकटेपणाची. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी 1975 मध्ये शाळेच्या रचनेला अंड्यांच्या खोक्याची उपमा दिली. प्रत्येक शिक्षक आपल्या खाचेत, शेजारच्याला न लागता. कोसबाडला निदान दोघी होत्या. साध्या सरकारी शाळांतील शेकडो शिक्षकांना अशी सोबत कशी मिळवून द्यावी, याचा प्रयोग आपल्या शेजारी, मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आता नर्मदापुरम) जिल्ह्यात झाला. 1972 मध्ये 16 माध्यमिक शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्यामागच्या दोन संस्थांपैकी किशोर भारती ही अनिल सद्गोपाल यांनी, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काम सोडून, उभी केली होती. दुसरी रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर. 1978 मध्ये कार्यक्रम जिल्हाभर पसरला, आणि 1982 नंतर एकलव्य संस्थेने तो सांभाळला.

त्याची प्रयोगपुस्तके बरीच गाजली. मला त्यातली मासिक बैठक अधिक मोलाची वाटते. परिसरातल्या शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा एका मध्यवर्ती शाळेत जमत. कोणता प्रयोग फसला, मुलांनी कोणता प्रश्न विचारला, याची चर्चा होई आणि पुढच्या महिन्याचे प्रयोग हाताने करून पाहिले जात. विद्यापीठांतले वैज्ञानिकही येत, आणि उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगत. ‘मला माहीत नाही, करून पाहू’ हे वाक्य उच्चारण्यात कमीपणा नाही, असे जेथे ठरते तेथे शिक्षकाच्या खांद्यावरचे मोठे ओझे उतरते. शिक्षकांच्या अनुभवावरून पुस्तकेही बदलली गेली. राज्य सरकारने 2002 मध्ये हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांचे काम एका निर्णयाने थांबू शकते, हेही या इतिहासात नोंदवायला हवे.

महाराष्ट्रात नव्वदच्या दशकापासून केंद्रशाळांची व्यवस्था आहे आणि केंद्रांच्या मासिक शिक्षण परिषदा होतात. तेथे परिपत्रके वाचून झाल्यावर अर्धा तास राखून ठेवता येईल. तीर्थपुरी परिसरातल्या शिक्षकांकडे त्या अर्ध्या तासासाठी सामग्री भरपूर आहे. कोणते मूल कोणत्या आठवड्यात गेले, कोणते आजीकडे राहिले आणि का राहिले, परतल्यावर त्याच्या वाचनातले नेमके काय गेले आणि काय टिकले. शिवाय फडावरून आलेले मूल मोळ्या मोजायला शिकलेले असते, टन म्हणजे किती हे त्याला गाडी भरताना कळलेले असते, वाढ्याचे भाव त्याला तोंडपाठ असतात. एप्रिलमध्ये त्याच्या पाटीवर आधी त्याची मोजमापे लिहून घेतली आणि मग पुस्तकातले पान उघडले, तर काय फरक पडतो? दोन शाळांनी करून पाहावे, दोन शाळांनी नेहमीसारखे शिकवावे, आणि जूनच्या बैठकीत वह्या शेजारी शेजारी ठेवाव्यात.