यंत्राचा जीर्णोद्धार



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, ताम्रपट आणि मोडी कागद उभे राहतात. परंतु ज्या वस्तूला अद्याप पन्नास वर्षेही झाली नाहीत, तिचा इतिहासही आपल्यादेखत नाहीसा होऊ शकतो. आज मी बोटाच्या दोन पेरांएवढ्या एका काळ्या ठोकळ्याची हकीकत सांगणार आहे.

आय.बी.एम. कंपनीने १९८१ च्या ऑगस्टमध्ये आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याच्या मदरबोर्डवर तारीखवार लक्षात ठेवणारे घड्याळ नव्हते. यंत्र सुरू केले की तारीख माणसाने सांगावयाची. १९८४ च्या ‘पी.सी. एटी’ने ही उणीव भरून काढली. त्यातील मोटोरोलाच्या चिपमध्ये ६४ बाइटांची जागा होती : १४ घड्याळाच्या कामी, ५० यंत्राच्या मांडणीची नोंद ठेवण्यासाठी. सेकंदाला ३२,७६८ कंपने करणारा स्फटिक तिला ताल देई. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो, तोच सेकंद. वीज बंद असता हा सारा संसार वेगळ्या बॅटरीवर चाले.

पुढे डॅलस सेमिकंडक्टर कंपनीने चिप, स्फटिक आणि लिथियमचा सेल ही तिन्ही एकाच ठोकळ्यात राळेने बंद केली. सोय मोठी झाली. सेल दहा वर्षांहून अधिक टिकेल, ही ग्वाहीही बहुधा खरी ठरली. मात्र त्यानंतरही यंत्र कोणाला हवे असेल, हे त्या हिशेबात धरलेले दिसत नाही. सेल संपला की यंत्र तारीख विसरते. इतकेच नव्हे, आपल्याला कोणती हार्ड डिस्क जोडली आहे हेही विसरते आणि पुष्कळदा सुरूच होत नाही.

उपाय दोन आहेत. एक, ठोकळा काढून नवा बसवणे. तो डाख देऊन बसवलेला असेल तर पाय सोडवताना उष्णता जास्त झाली की बोर्डावरील तांब्याच्या रेषा उखडतात. दुसरा, राळ कानशीने घासून सेलकडे जाणारे दोन पाय उघडे करणे, जुन्या सेलचा संबंध तोडणे आणि नाण्याएवढा तीन व्होल्टांचा सेल बाहेरून जोडणे.

यांत योग्य कोणता? मूळ वस्तूला हात लावू नये, असे म्हणणारे आहेत. परंतु इंग्लंडात हार्वेल येथे १९५१ साली चालू झालेला संगणक ब्लेचली पार्कच्या संग्रहालयात २०१२ मध्ये पुन्हा चालू करण्यात आला, तेव्हाच त्याच्या नळ्यांतील अंकांची चाल लोकांना दिसली. बंद यंत्र ही नुसती पेटी होय. म्हणून मला दुसरा मार्ग पटतो. देऊळ न हलवता समईत तेल घालावे, तसा तो आहे. अट इतकीच की काय बदलले, केव्हा बदलले, याची टाचणी यंत्रासोबत राहावी. ती नसेल तर उद्याचा संशोधक आपल्या डागडुजीलाच मूळ समजेल. आणि यंत्र वाचूनही इतिहास बिघडेल.